शेकानंतरचे रक्त

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काकूंना शौचावाटे रक्त जाते आणि घरच्यांनी ते मूळव्याधीवर घातले, हे वाचल्यापासून जिवाला स्वस्थता नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी त्यांना शेक, म्हणजे किरणांचा उपचार, दिला होता, हे तिथल्या डॉक्टरांना कोणी सांगितले का? आमच्या हिलाही शेक संपून वर्ष उलटल्यावर हाच त्रास सुरू झाला आणि तालुक्याच्या एका दवाखान्याने मूळव्याधीचे मलम देऊन परत पाठवले.

गर्भाशयमुखाच्या अगदी मागे गुदाशय असल्यामुळे शेकाची झळ त्यालाही लागते. त्याच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आकसतात, भिंत कडक होते आणि आतून उगवलेल्या नव्या, नाजूक वाहिन्या शौचाच्या घर्षणानेही वाहू लागतात. हे सहा महिन्यांनी दिसते, तसे कित्येक वर्षांनीही. तेव्हा आजार उलटला असे समजून काकूंनी हाय खाऊ नये. पण तो उलटलेला नाही, ही खात्री दुर्बिणीने तपासल्यावरच होईल. नागपूरच्या पोटविकारतज्ज्ञांना शेकाचे जुने कागद आधी दाखव, कारण गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा गरज नसताना तपासणीसाठी काढला, तर जखम चिघळून योनीमार्गापर्यंत भोक पडण्याची भीती असते.

रक्तावर उपाय आहेत: सुक्राल्फेट या औषधाचा एनिमा, आणि त्याने भागले नाही तर दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या साहाय्याने त्या वाहिन्या बंद करतात. हिला त्यानेच गुण आला.

मात्र रक्तापेक्षा शौचाच्या घाईने हिला अधिक छळले. कापूस वेचताना ओटी तशीच सोडून धुऱ्याकडे धावावे लागे. बायांसमोर मान खाली जाई. पुढे ती वेचणीला जाईनाशी झाली, आणि एस.टी.ने कुठे जायचे असले की आदल्या संध्याकाळपासून उपाशी राहू लागली. लहान आतड्याच्या शेवटच्या भागालाही झळ लागल्याने पित्तातले क्षार (पित्तक्षार) शोषले जात नाहीत, म्हणून हे जुलाब, असे तज्ज्ञांनी सांगितले. पित्तक्षार बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनची पूड आणि त्याच भागात शोषल्या जाणाऱ्या बी-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने सुरू झाल्यावर ती पुन्हा शेतात जाऊ लागली.

काकू हे तुला सांगणार नाहीत. वहिनींना एकांतात विचारायला सांग. पोट फुगून कळा आल्या, उलट्या झाल्या आणि वारा सरणे थांबले, तर आतडे अडलेले असू शकते. तेव्हा सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात ने. नागपूरला जाण्याचा दिवस कळव, आम्ही दोघेही येतो. काकूंशी ही बोलेल.

तुझा मित्र