पाने रंगवायला अळूपासून शिकवावे

माननीय संपादक महोदय,

पावसाळ्यात शाळाशाळांतून निसर्गचित्रे काढून घेतली जातात. पण मुले डबीतला तयार हिरवा रंग घेऊन सगळी पाने एकसारखी भरून टाकतात, याचे चित्रकला शिक्षिका म्हणून मला फार वाईट वाटते. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा सोडलेला कागदच, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. परसातले अळूचे पान समोर ठेवावे. त्याचा देठ पानाच्या कडेला न जुळता मागच्या बाजूने आत जुळतो आणि तिथूनच शिरा फाकतात. लेमन यलो आणि अल्ट्रामरीन निळ्याच्या मिश्रणात किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) घातला की हिरव्याचा भडकपणा उतरतो. मग दोन शिरांमधला एकेक भाग ओला करून शिरेलगत गडद रंग सोडावा, म्हणजे तो पुढे आपसूक फिका होत जातो. शेजारचा भाग मात्र पहिला वाळल्याशिवाय घेऊ नये, नाहीतर शिरेसाठी मधे सोडलेली कोरी रेघ बुडते. केळीचे पान त्यानंतरच घ्यावे, कारण ते शिरांच्या दिशेनेच फाटते, हे टिपायला नजर थोडी तयार लागते. वहीचा पातळ कागद पाण्याने फुगतो. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड कागदाचा अर्धा ताव चार मुलांना पुरतो, तेवढा शाळांनी जरूर द्यावा.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका, रत्नागिरी