दिवाळीला घरी न येण्याचे कारण

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने पुन्हा विचारले, की दिवाळीला सगळ्यांची मुले घरी येतात, मग आमचाच का येत नाही. आणि बाबा मागून, मला ऐकू जाईल अशा बेताने, "त्याला येऊ दिलं तर येईल ना," असे म्हणाले. तो टोला कोणाला होता हे मला कळले आणि माझ्या शेजारी बसलेल्या तुमच्या सुनेलाही कळले. ती काही बोलली नाही, पण या बाबतीत तिला बोल लागावा हे मला मुळीच पटत नाही. मी दिवाळीला बार्शीला येत नाही ते फटाक्यांमुळे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी तेव्हाच्या सीएसटीवर होतो, एवढे तुम्हाला ठाऊक आहे. सिद्धेश्वर सुटायला अवकाश होता, म्हणून लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला, गाडीची वाट पाहणाऱ्या गर्दीत, मी बॅगेला टेकून फरशीवर बसलो होतो. त्या दिवशी कटकला भारत-इंग्लंड सामना होता, त्यामुळे पहिले आवाज आले तेव्हा कोणीतरी माळ लावली असेच मला वाटले. समोर एक उत्तर भारतीय कुटुंब वर्तमानपत्र पसरून जेवत होते. मुलाच्या तोंडाशी नेलेला पुरीचा घास तसाच धरून त्यातल्या बाईने वैतागून आवाजाच्या दिशेने पाहिले. त्यांचे पुढे काय झाले ते मी लिहीत नाही. त्यांच्या डब्याचे स्टीलचे झाकण फरशीवर गरगर फिरत राहिले आणि ते थांबेपर्यंत मी त्याच्याकडेच पाहत होतो, हे मात्र मला आजही लख्ख आठवते. लोकलच्या बाजूला उद्घोषक विष्णू झेंडे यांनी वारंवार सूचना देऊन लोकांना मागच्या वाटेने बाहेर काढले, हे पुढे सर्वांनी वाचले. आमच्या बाजूला ज्याला जिकडे वाट दिसली तिकडे तो पळाला. त्या स्थानकात ५८ माणसे गेली.

मी धडधाकट घरी आलो म्हणून आईने तुळजापूरला जाऊन देवीची ओटी भरली, ते योग्यच होते. पण त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला "आमचा सतीश त्या दिवशी तिथंच होता, पण साधं खरचटलंसुद्धा नाही," असे सांगण्याची पद्धत पडली आणि मलाही बोलावून समोर बसवले जाऊ लागले. खरचटले नाही म्हणजे काही झाले नाही, असा माझाही बरीच वर्षे समज होता. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले की स्वतःला इजा व्हावी लागत नाही. माणसे मरताना डोळ्यांदेखत पाहणे एवढेही या आजाराला पुरेसे असते. त्याला पीटीएसडी, म्हणजे भीषण प्रसंगानंतर जडणारा मानसिक आजार, म्हणतात. तो सगळ्यांनाच होतो असेही नाही, माझ्याबरोबर पळालेल्या कित्येकांना चार-सहा महिन्यांत आपोआप बरे वाटले असेल. मला नाही वाटले. हॉटेलात मी दाराकडे पाठ करून बसत नाही, सिनेमागृहात शिरल्याबरोबर बाहेर पडायच्या वाटा पाहून ठेवतो आणि झोपेतून दचकून उठतो तेव्हा काही क्षण ती रात्र मला आठवत नसते, तर चालू असते.

२००९ च्या लक्ष्मीपूजनाला मी भरले ताट सोडून माडीवर गेलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल. पित्त उसळले असे समजून आईने आले-लिंबू आणून दिले. वास्तविक गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला होता, आणि तो फटाका आहे हे डोक्याला पटेपर्यंत माझे पाय जिना चढून गेले होते. बाबा, २१ नोव्हेंबर २०१२ ला कसाबला येरवड्यात फाशी दिली, तेव्हा तुम्ही सकाळीच फोन करून म्हणालात, "झालं, आता सुटलास." न्याय झाला याचे समाधान मलाही होते, पण त्या रात्रीची झोप आदल्या रात्रीच्या झोपेपेक्षा वेगळी नव्हती, कारण शरीराला न्यायालयाचा निकाल कळत नाही.

उपचारांसाठी मला पुढे ढकलले ते तुमच्या सुनेनेच. डॉक्टरांनी मला तो प्रसंग सुरुवातीपासून क्रमाने, आत्ता घडत असल्यासारखा सांगायला लावला, त्याचे ध्वनिमुद्रण केले आणि ते घरी रोज ऐकायला दिले. पहिल्या आठवड्यात तर मला ओकारी यायची. मग त्या जागेवर जायचे. आधी नुसते महापालिकेच्या इमारतीसमोर उभे राहायचे, मग भुयारी मार्गातून लोकलच्या बाजूला, आणि शेवटी त्या फरशीवर. छाती धडधडली तरी पळून न जाता थांबायचे, म्हणजे धडधड हळूहळू आपोआप उतरते आणि ती उतरते हे शरीर शिकते. या प्रत्येक वेळी ती रजा टाकून माझ्याबरोबर आली आणि माझा हात न धरता शेजारी उभी राहिली, कारण डॉक्टरांनी तसे बजावले होते. (प्रवेशद्वारातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटी पिंपिं वाजत होत्या आणि कोणी वळूनही पाहत नव्हते, त्याचा संताप मला आजही येतो.) आता मी तिथून गाडी पकडू शकतो, रात्रीची झोपही पुष्कळ सुधारली आहे. अवेळी, न दिसता फुटणारा फटाका तेवढा अजून सोसत नाही, आणि बार्शीत ते चार दिवस दुसरे काही ऐकूच येत नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. पाहुण्यांसमोर ती हकिगत सांगू नये, निदान मी घरी असताना नको. आणि बाबा, दर २६ नोव्हेंबरला घरच्या ग्रुपवर बंदूकधाऱ्याचा जो फोटो तुम्ही श्रद्धांजली म्हणून टाकता, तो टाकू नये. वाहायचीच असेल तर ओंबळे, करकरे, कामटे, साळसकर यांच्या फोटोला वाहावी.

दिवाळीचे ते दिवस आम्ही दरवर्षी दापोलीच्या पुढे, वस्तीपासून लांब एका घरात काढतो. तिथे समुद्र आहे, वीज अधूनमधून जाते, पण फराळाला आणि पहाटेच्या अभ्यंगस्नानाला काही अडत नाही. यंदा तुम्ही दोघांनी आमच्याबरोबर यावे अशी आमची, आणि मुख्यतः तुमच्या सुनेची, इच्छा आहे. आईने चकलीची भाजणी तेवढी घरून आणावी, इकडची तिला पसंत पडत नाही. बाबांच्या गुडघ्यांमुळे खालचेच बर्थ लागतील आणि ते लवकर भरतात, तेव्हा होकार या आठवड्यातच कळवावा, म्हणजे कुर्डुवाडीहून तुमचे आरक्षण करून ठेवतो.

तुमचा,
सतीश