एकेक प्रोसेस नको, गट बघ, असं सांगणाऱ्या ताईंना

ताई, सादर नमस्कार.

आमच्या ग्रंथालयाचा सर्व्हर आता रात्रभर बिनबोभाट चालतो. स्कॅन केलेल्या जुन्या मासिकांची पानं वाचून होतात आणि सकाळी डेटाबेस जिवंत असतो. याचं श्रेय तुमचं, आणि ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र उघड लिहितोय. छोट्या संस्थांचे सर्व्हर एकहाती सांभाळणारे पुष्कळ जण आहेत. तुम्ही मला फोनवर जे समजावलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

दुखणं थोडक्यात असं होतं. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी सोय) पानांवर टेसरॅक्ट, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचणारा प्रोग्राम, चालायचा, आणि कधीतरी कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की एखादी प्रोसेस बंद पाडणारी यंत्रणा, येऊन डेटाबेसला मारून जायचा. लॉगमध्ये नाव डेटाबेसचंच. देखभालीचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं त्यांनी तेवढं वाचून रॅम वाढवण्याचं कोटेशन पाठवून दिलं. टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) लावून पाहिलं तरी तेच चित्र: सगळ्यात वर डेटाबेस, खाली टेसरॅक्टच्या किरकोळ प्रोसेस.

तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "एकेक प्रोसेस कशाला बघतोयस? सगळ्या मिळून किती खातात ते बघ." मग सिस्टमडी-सीजीटॉप चालवायला लावलंत. कर्नल प्रोसेसचे जे गट करून त्यांचा एकत्र हिशेब ठेवतो, म्हणजे सीग्रुप, त्यांची यादी ही कमांड दाखवते. सुरुवातीची यादी सीपीयूप्रमाणे लागते, म्हणून एम दाबून ती मेमरीप्रमाणे लावायला सांगितलंत. ज्यांच्या पोटात बाकीचे गट येतात ते वरचे मोठे गट सोडले तर पहिलं नाव क्रॉन.सर्व्हिस होतं, डेटाबेसच्या बरंच वर! ओओएम किलर एरवी एकेका प्रोसेसचं वजन करतो. त्यामुळे मेमरी खाणारा जमाव सुटत होता आणि एकटा दिसणारा मोठा डेटाबेस बळी जात होता.

सीपीयूचंही तसंच. टेसरॅक्टची प्रोसेस एक पान वाचून संपते. टॉप तीन सेकंदांनी ताजा होतो, तोवर ती गेलेलीही असते. पण गटाच्या खात्यात तिने खर्च केलेला वेळ जमा राहतो, प्रोसेस मेली तरी. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला गटाचं महत्त्व खरं पटलं. जुन्या युनिक्समधला प्रोसेस ग्रुप सेटसिड केलं (प्रोसेसने स्वतःचं नवं सेशन उघडलं) की सुटतो. सीग्रुप तसा सुटत नाही, प्रोसेसने सुरू केलेल्या पोर-प्रोसेसना आणि पोरांच्या पोरांना तो वारशाने मिळतो. कोणाची प्रोसेस कुठून सुरू झाली याचा शोध त्यामुळेच लागतो.

सीग्रुपमागची माणसंही तुम्ही आवर्जून सांगितलीत. गुगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं, जानेवारी २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये ते आलं, आणि तेजुन हिओ यांनी नव्याने बांधलेली दुसरी आवृत्ती २०१६ च्या ४.५ मध्ये अधिकृत झाली. आज प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारा डॉकरही याच पायावर उभा आहे. आपण रोज ज्याच्या जिवावर झोपतो ते कोणी केलं हे माहीत असावं, हा तुमचा आग्रह मला फार आवडतो.

मात्र ज्यासाठी मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती गोष्ट पुढची. मेमरीचा तो मोठा आकडा बघून मी लगेच मर्यादा घालायला निघालो होतो. तुम्ही थांबवलंत. म्हणालात, "त्यात फाइल कॅशही, म्हणजे वाचलेल्या फाइल्सच्या मेमरीत ठेवलेल्या प्रतीही, धरलेली असते. आधी फोड बघ." सीग्रुपच्या डिरेक्टरीतली मेमरी.स्टॅट उघडायला लावलीत आणि दोन ओळी वाचून दाखवायला सांगितल्यात, अ‍ॅनॉन आणि फाइल. आमची स्कॅन केलेली चित्रं अवाढव्य, त्यामुळे फाइलचा आकडा फुगलेला. ती जागा लागेल तेव्हा कर्नल बरीचशी मोकळी करू शकतो. आपलं लक्ष हवं ते अ‍ॅनॉनवर, म्हणजे प्रोसेसनी स्वतःच्या कामासाठी घेतलेल्या मेमरीवर. मर्यादा त्यावरून बेतली म्हणून ती आजही पुरते. हा फरक मला एरवी कोणीही सांगितला नसता.

मग क्रॉनमधून ते काम काढून त्याची स्वतंत्र सर्व्हिस आणि टायमर करायला लावलात, कारण क्रॉन.सर्व्हिसवर लगाम घातला तर बॅकअपही त्यात अडकला असता. मेमरीहाय आणि मेमरीमॅक्स या दोन्ही मर्यादा त्या सर्व्हिसवर घातल्या. पहिली ओलांडली की कर्नल त्या गटाला मंद करतो आणि त्याच्याकडून मेमरी परत घ्यायला लागतो. दुसरी ओलांडायची वेळ आली आणि काहीच मोकळं होईना, तर त्याच गटातली प्रोसेस मरते, शेजारची नाही. पानं वाचायला आता थोडा जास्त वेळ लागतो. चालेल, सकाळपर्यंत होतात.

रात्रीची नोंद फाइलमध्ये ठेवायची युक्तीही तुमचीच: सीजीटॉपला दोन पर्याय द्यायचे, बॅचसाठी (नुसता मजकूर छापायला) बी, आणि किती वेळा मोजायचं त्या एनला दोन. एकदाच चालवलं तर सीपीयूच्या रकान्यात नुसती रेघ येते, कारण टक्का काढायला दोन मोजमापं लागतात. ती फाइल मी रोज चहाबरोबर बघतो. चार कोअरच्या मशिनवर आकडा ४०० पर्यंत जाऊ शकतो हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत, नाहीतर पहिल्याच सकाळी तुम्हाला उठवलं असतं.

निवृत्तीनंतर स्वतःचा वेळ देऊन तुम्ही हे केलंत. एकही कमांड तयार करून पाठवली नाहीत, प्रत्येक आकडा मला वाचायला लावून त्याचा अर्थ मलाच सांगायला लावलात. आमच्याकडे नवी आलेली मुलगी आता विचारते तेव्हा मीही तिला तसंच शिकवतो, आणि तिने परवा वेब सर्व्हरच्या गटाची गडबड स्वतःच शोधून काढली.

मनापासून आभार, ताई. पुढच्या महिन्यात दुसरा स्कॅनर येतोय, पानं दुप्पट होतील. मर्यादा नव्याने बेतताना अ‍ॅनॉनचे आकडे तुम्हाला वाचून दाखवीन.

आपला,
ग्रंथालयाचा सर्व्हर सांभाळणारा