रकाना भरण्याआधी विचारा तरी!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला आपल्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती लोकसंख्येवरचा लेख वाचला. जनगणनेत आकडा एवढा, मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, याद्यांवर नावं तेवढी, दोन्हींचा मेळ बसत नाही, सबब गावोगाव 'छुपे ख्रिस्ती' आहेत, असा शोध लेखकमहाशयांनी लावला आहे. अभिनंदन! १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, १८४२ पासून 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघू लागलं, रेव्हरंड टिळकांची भजनं आम्ही आजही टाळमृदंगावर म्हणतो, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेत पाय ठेवायला जागा नसते. एवढ्या गाजावाजात लपायचं म्हणजे कसबच म्हणायचं.

मेळ का बसत नाही, ते मी सांगतो. २०११ च्या जनगणनेला एक गुरुजी आमच्याकडे आले. ओसरीवर बाजेवर बसले. नाव, वय, शिक्षण, कामधंदा, सगळं विचारलं. धर्म तेवढा विचारला नाही. आडनाव ऐकलं आणि 'हिंदू' लिहून मोकळे. त्यांच्या डोक्यावर भिंतीला प्रभू येशूची तसबीर, शेजारी वचनांचं कॅलेंडर. मी म्हटलं, "गुरुजी, ख्रिस्ती लिहा." तर म्हणतात, "काका, दाखल्यावर आहे तेच राहू द्या. उगाच पोरांचं नुकसान कशाला?" माणूस वाईट नव्हता, बोलला तेही मायेनंच. पण लिहिलेलं काही खोडलं नाही. चहा पिऊन पुढच्या घरी गेले. आमचं अख्खं घर त्या दिवशी बाजेवरच्या बाजेवर धर्मांतरित झालं. त्याची बातमी मात्र कुठे आली नाही!

आता पोरांचं नुकसान म्हणजे काय, हे लेखकाला माहीत असायला हवं होतं. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं. आम्ही ख्रिस्ती बाहेरच. इथे महाराष्ट्रात ओबीसीत बसवलंय, तेवढंच. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, २०२२ साली बाळकृष्णन आयोग नेमला. आयोग येतात, जातात. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जात धुऊन निघते असं सरकारला वाटतं. गावच्या पाणवठ्याला तसं कधी वाटलं नाही. मग एखाद्या बापानं पोराच्या दाखल्याकडे बघून जनगणनेत मूग गिळले, तर त्याला 'छुपा' म्हणायचं?

आणि मंडळीच्या यादीला तरी लेखकानं एवढं प्रमाण का मानावं? भोसरीला कामाला गेलेली पोरं वर्गणी इथेच भरतात, आईबाप इथल्या कबरस्तानात आहेत म्हणून. त्यांची जनगणना तिकडे, नाव इकडे. सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) यादी वेगळी, कॅथलिकांची वेगळी, पत्र्याच्या हॉलमधल्या नव्या मंडळ्यांची त्यांच्या पाळकांनाच ठाऊक. सासू एका यादीत, सून दुसऱ्या, आणि नातू दोन्हींत! एखाद्या पाळकसाहेबांना फोन केला असता तर हे पाच मिनिटांत कळलं असतं.

२०२७ च्या जनगणनेत जातही विचारणार म्हणतात. म्हणजे न विचारता भरायला आता दोन रकाने झाले. येणाऱ्या गुरुजींना-बाईंना आपल्या पेपरातून एवढंच सांगा, की आधी विचारा, आणि माणूस सांगेल ते लिहा. नुकसान व्हायचं तर आमचं होईल, ते आमचं आम्ही बघू.

पत्र लिहितोच आहे तर आणखी एक. गुड फ्रायडेला आपण पहिल्या पानावर पुढाऱ्यांच्या 'हार्दिक शुभेच्छां'ची जाहिरात छापता, फोटोत हसरे चेहरे. त्या दिवशी आमच्या घरांत उपास असतो, मंडळीत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं चालतात, बाया डोळे पुसत बाहेर पडतात. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर दोन दिवस थांबायला सांगा त्यांना. रविवारी ईस्टर असतो. जाहिरातीचे पैसे तेवढेच मिळतील.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ता. राहुरी