पॅडल कोर्टाबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

पॅडलला येणाऱ्यांची संख्या हल्ली चांगलीच वाढली आहे आणि कोर्टाबाहेर ताटकळणाऱ्यांचीही. टेनिससारखा हा रॅकेटचा खेळ मुळात चौघांचा. २० बाय १० मीटरच्या कोर्टात दोघेच खेळत राहिले तर बाकीचे नुसते बघत बसतात. म्हणून वेळ राखून ठेवताना चारही नावे द्यावीत. चौथा गडी मिळत नसेल तर ग्रुपवर विचारा. कधी रॅकेट हातात न धरलेल्यांनाही घ्या. सर्व्हिस चेंडूचा टप्पा पाडून कमरेखालूनच करायची असल्याने नवख्यांचाही लवकर जम बसतो. १९६९ साली मेक्सिकोत एन्रिके कोर्कुएरा यांनी हा खेळ सुरू केला, तोही घरच्याच आवारात.

सर्वांत जास्त हुज्जत कोर्टाभोवतीच्या काचेच्या भिंतींवरून होते, म्हणून एकदाच स्पष्ट सांगतो. तुम्ही मारलेला चेंडू समोरच्यांच्या बाजूला आधी जमिनीवर पडून मग काचेला लागला, तर खेळ चालू. थेट त्यांच्या बाजूच्या काचेवर किंवा कडेच्या तारेच्या जाळीवर आदळला, तर गुण त्यांचा. गुण मात्र टेनिससारखेच मोजायचे.

रॅकेटची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय कोर्टात उतरू नये. नियमच आहे तो, आणि जोडीदार हातभर अंतरावर असतो. रागाच्या भरात काचेवर रॅकेट आपटणाऱ्यांनी (कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे!) कृपया आवरावे.

वेळ संपली की सेट अर्धा राहिला तरी कोर्ट सोडावे. गप्पा बाहेरच्या बाकांवर.

– व्यवस्थापन समिती