वेबसाइटचा ताबा कार्यालयाकडेच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिका असो, नगरपरिषद असो की ग्रामपंचायत, वेबसाइट नव्याने करायची ठरली की चर्चा रंगते ती पहिल्या पानाची. फोटो कोणाचे, अंबाबाई मंदिर आणि रंकाळ्याची दृश्ये कशी सरकणार, रंग कोणता. आतला मजकूर कोण चढवणार, चुकला तर कोण दुरुस्त करणार आणि ठेकेदार बदलल्यावर तो कोणाकडे राहणार, हे फारसे कोणी विचारत नाही. नागरिकांची अडचण होते ती नेमकी तिथे.

टायपिंग आणि अर्ज भरून देणे हा माझा व्यवसाय. घरफाळा, पाणीपट्टी, बांधकाम परवाना यांची माहिती काढायला लोक येतात, त्यामुळे या वेबसाइट सतत उघडाव्या लागतात. जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या वेबसाइटवर घरफाळ्यातील सवलतीची सूचना शोधत होतो. शोधाच्या चौकटीत ‘घरफाळा’ लिहिले तर काहीच येईना. सूचना निघाली ‘इतर’ या सदरात, वाकड्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. फाइलच्या नावात नुसता स्कॅनरचा आकडा. तारखेवर नेमका शिक्का बसलेला. शेजारी ‘नवीन’ म्हणून लुकलुकणारी पाटी, आणि सवलतीची मुदत केव्हाच संपलेली.

असे का होते, हे या कामातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कारकून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता आणि शोधता येणाऱ्या अक्षरांत, व्यवस्थित टाइप करतो. मग प्रिंट, साहेबांची सही, जावक क्रमांक, शिक्का, स्कॅन, आणि ती फाइल ठेकेदाराच्या माणसाला मेल. तो सवडीने चढवतो. चांगली टाइप केलेली अक्षरे या वाटेत चित्र होऊन बसतात. वेबसाइटच्या शोधात ती सापडत नाहीत, मोबाइलवर धड वाचता येत नाहीत. दृष्टिहीन माणूस मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या ज्या स्क्रीन रीडरच्या भरवशावर वाचतो, त्याला तर त्या पानावर काहीच मिळत नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाल्यावरही हे चालू राहावे, याचा मला राग येतो.

ड्रुपल, वर्डप्रेस, जूमला या मजकूर सांभाळणाऱ्या प्रणाली म्हणजे सीएमएस. तिन्ही मुक्त आणि मोफत आहेत. कारकुनाने मसुदा लिहायचा, विभागप्रमुखाने तपासून मान्यता द्यायची, मगच सूचना प्रसिद्ध होणार आणि मुदत संपली की जुन्या सूचनांत जाणार, अशी सोय त्यांत करता येते. कोणी कधी काय बदलले याची नोंद ठेवता येते. सहीची प्रत हवी तर खाली जोडावी. पण या प्रणालीचा पासवर्डच ठेकेदाराकडे असेल, तर कार्यालयातल्या माणसाने करायचे काय?

पावसाळ्यात हा प्रश्न जिवाशी येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळकरी पोरसुद्धा सांगेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्कपर्यंत पाणी आले होते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की शिरोळपर्यंतच्या लोकांचे लक्ष एकाच आकड्याकडे लागते. तो आकडा बहुतेकांच्या हाती पडतो व्हॉट्सअॅपवर, फोटोच्या रूपात. वेळ-तारीख कापली गेली, की गेल्या वर्षीचा फोटो यंदा फिरतो आणि लोक सामान बांधायला लागतात. पातळी, वेळ, पाण्याखालचे बंधारे, बंद रस्ते, निवारा केंद्रे अशा वेगवेगळ्या नोंदी असलेले एक साधे, हलके पान हवे. मोठे फोटो नकोत, सरकत्या पट्ट्या नकोत. एकाच वेळी हजारो लोकांनी उघडले तरी ते टिकले पाहिजे, आणि नियंत्रण कक्षातल्या कर्मचाऱ्याला ते रात्री दोन वाजताही स्वतः बदलता आले पाहिजे.

दुसरी काळजी जुन्या कागदांची. राजर्षी शाहू महाराजांचा ५० टक्के राखीव जागांचा २६ जुलै १९०२ चा आदेश आज आपण तारखेसह दाखवतो, कारण तो करवीरच्या गॅझेटमध्ये छापला गेला. आज वेबसाइट बदलली की पाच वर्षांपूर्वीचे ठराव शोधायला गेलेल्या माणसाला ‘पान सापडले नाही’ एवढेच दिसते. सगळा मजकूर जुन्या पत्त्यांसह नव्या प्रणालीत आणून देण्याची अट करारातच असली पाहिजे. देखभालीचेही तेच. ड्रुपल ७ च्या सुरक्षा दुरुस्त्या ५ जानेवारी २०२५ पासून अधिकृतपणे थांबल्या. अशा जुन्या आवृत्तीवर नागरिकांची माहिती ठेवणे धोक्याचे आहे.

यात अशक्य काही नाही. शासकीय वेबसाइटसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ तर माहिती स्वतःहून आणि स्थानिक भाषेचा विचार करून द्यायला सांगते. ब्रिटनमध्ये क्रॉयडन आणि ब्रायटन इथल्या स्थानिक परिषदांनी मिळून ड्रुपलवर एक सामाईक प्रणाली उभी केली. आज तिथल्या अनेक परिषदा ती वापरतात. कागल, मुरगूड, गडहिंग्लज, जयसिंगपूर यांचेही दाखले, कर आणि परवाने सारखेच आहेत. एका ठिकाणी नीट जमलेला घरफाळ्याचा विभाग दुसरीकडे का वापरू नये?

म्हणून स्थानिक संस्थांच्या प्रशासनाला विनंती आहे. पुढच्या निविदेत डोमेन (वेबसाइटचा पत्ता), पासवर्ड आणि संपूर्ण मजकुराची प्रत कार्यालयाच्या नावावर राहील असे स्पष्ट लिहा. प्रत्येक विभागातल्या किमान दोन कर्मचाऱ्यांना मराठीतून प्रशिक्षण द्या. नवी वेबसाइट होईल तेव्हा होईल. पूरस्थितीचे पान मात्र येत्या पावसाळ्याआधी तयार व्हावे, आणि मे महिन्यात एकदा मोबाइलवर उघडून त्याची चाचणी घ्यावी.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर