दाढ ‘स्पंदत’ नाही, ठणकते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या शनिवारच्या आरोग्य पुरवणीतील दातदुखीवरचा लेख वाचला. माहिती उपयुक्त होती. परंतु किडलेल्या दाढेच्या दुखण्याला लेखभर ‘स्पंदनात्मक वेदना’ म्हटले आहे आणि एका ओळीत तर ‘स्यंदनात्मक’ छापले गेले आहे. स्यंदन म्हणजे रथ. मुद्रणदोष समजू शकतो, पण नीट छापलेला शब्दही तिथे शोभत नाही, म्हणून हे पत्र.

‘स्पंदन’ ज्या ‘स्पन्द्’ धातूपासून आले, त्याचा अर्थ संस्कृत क्रियापदांच्या मुळांची यादी असलेल्या पाणिनीय धातुपाठात ‘किञ्चिच्चलने’, म्हणजे जरासे हलणे, असा दिला आहे. यातले ‘जरासे’ महत्त्वाचे. मेघ जवळ येताच यक्षपत्नीचा डोळा लवेल, असे ‘मेघदूता’त सांगताना कालिदास हाच धातू वापरतो आणि त्या लवण्याला, पाण्यातल्या माशाच्या धक्क्याने हललेल्या निळ्या कमळाची उपमा देतो. नवव्या शतकात काश्मीरच्या शैवांनी ‘स्पंदकारिके’त हा शब्द चैतन्याच्या सूक्ष्म स्फुरणासाठी योजला. हृदयाच्या संदर्भात तो आता रूढ आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र रात्री दोन वाजता उशी गालाखाली दाबून बसलेल्या माणसाच्या दाढेत जे चाललेले असते, ते जरासे हलणे नव्हे.

त्याला मराठीत ‘ठणका’ म्हणतात. ‘ठण’ हा धातूच्या वस्तूवर पडलेल्या घावाचा आवाज आणि त्यावरूनच ठणकणे. गंमत अशी की ‘ठणठणीत’ प्रकृतीही याच आवाजातून आलेली आहे. मडके घेताना ते बोटाने वाजवून पाहतात, खणखणीत वाजले तर तडा नाही, तसेच हे असावे असे मला वाटते. ‘ठणकावून सांगणे’ आणि ‘ठणठणगोपाळ’ हीदेखील याच घरातली मंडळी.

लहानपणी माझ्या बोटाला नखुरडे झाले होते. आजीने अर्धे लिंबू कोरून त्याची टोपी बोटावर चढवली आणि “हात वर धरून नीज, ठणका उतरेल,” असे सांगितले. तो खरोखर उतरत असे, आणि हात खाली येताच नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर पुन्हा सुरू होई. सुजलेल्या जागेत रक्ताचा दाब प्रत्येक ठोक्याला वाढतो, हे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले. आजीच्या शब्दात तो ताल आधीपासूनच होता.

शिवाय आपल्याकडे दुखण्यादुखण्याचा शब्द वेगळा आहे. पिकू लागलेले गळू ठसठसते, दाढ ठणकते, पाठीत चमक भरते, पोटात कळ येते, आणि घाबरल्यावर छाती धडधडते. जिथे वेदना नाही, नुसती हालचाल आहे, तिथेही बोलीत शब्द आहेच. तान्ह्या बाळाला तेल लावताना बायका “टाळू उडते आहे, हलक्या हाताने लाव,” असे म्हणतात. मला विचाराल तर धातुपाठातले ‘किञ्चिच्चलने’ दाढेत नव्हे, त्या टाळूवर दिसते.

लेखाचा दुसरा भाग येत्या शनिवारी येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात दाढ ठणकली तर बरे होईल.

आपला,
एक जुना वाचक, सातारा